नोनीच्या मुळाचे रक्त

नेस्टाच्या पोटरीवरचा नोनीच्या मुळाचा पिवळा लेप बघता बघता लालभडक झाला, तेव्हा सभोवार जमलेल्या साऱ्या गावाने एकदम श्वास रोखला. मलायटा बेटाच्या त्या किनाऱ्यावर हा चमत्कार सलग तिसऱ्या दिवशी घडत होता.

"पाहिलंत? हे पोरीचं रक्त नव्हे," इरोमेआ वैदू म्हणाला. "तिच्या आजोबांनी मोडलेल्या शपथेचं रक्त आहे हे. अजून चार लेप आणि एक डुक्कर, की शाप उतरला."

नेस्टाची आई एथल मुलीचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. दहा वर्षांच्या त्या पोरीच्या पोटरीला गळू झाले होते, आणि तापाच्या भरात ती सकाळपासून आईलाही ओळखत नव्हती. शाळेचे आरुमाए मास्तर होडीतून दवाखान्यात चला म्हणून दोनदा विनवून गेले होते. परंतु सुईचे औषध अंगात गेले की मुळाचे सामर्थ्य रुसते, असे इरोमेआने बजावले होते. ज्या महापुरुषाला स्वतःचे चार दात सांभाळता आले नाहीत, त्याच्या शब्दावर एका लेकराचा पाय पणाला लागला होता.

नोनीचे झाड गावाला परके नव्हते. त्याचे पान शेकून गळवावर बांधले असता ठणका कमी होतो, हे एथल आजीकडून शिकली होती, आणि पहिल्या दिवशी तिने ते बांधलेही होते. इरोमेआला मात्र पानाचे कौतुक नव्हते. पान काही रंग बदलत नाही.

आज मुळाची साल कुटण्याचे काम त्याने एथललाच सांगितले होते, त्यामुळे तिचे तळवे पिवळेजर्द झाले होते. लेप आटोपल्यावर त्या दयासागराने तिचा हात आपल्या हातांत घेतला व धीर धरण्याचा उपदेश केला. त्याने हात सोडला, तो एथलचा तळवा लाल.

ती तळव्याकडे पाहतच राहिली. पिशव्या विणायची दोरी ती वर्षानुवर्षे याच मुळाने पिवळी करीत असे, आणि लाल हवी असली की त्यात थोडा चुना टाकीत असे. इरोमेआची बोटे चुन्याने पांढरी होती. ती कोणाच्या डोळ्यांत भरली नव्हती, कारण सुपारी चघळणाऱ्या त्या गावात सगळ्यांचीच बोटे पांढरी.

"काका, हात धुऊन लेप लावा बघू," ती म्हणाली.

"धुतले की शक्ती वाहून जाते, पोरी."

"मग तुमच्याच अंगावर बघू."

त्याने पाय आखडण्यापूर्वीच तिने उरलेला लेप त्याच्या गुडघ्यावर थापला आणि आपल्या डबीतला चुना त्यावर चोळला. गुडघा लाल झाला.

"अगं बाई," मागून एक म्हातारी म्हणाली, "याच्या आजोबांनीपण शपथ मोडलीय वाटतं."

लोक हसू लागले. इरोमेआ पूर्वजांच्या कोपाबद्दल काहीबाही पुटपुटत उठला आणि डुकराची आठवणही न काढता चालता झाला. एथल हसली नाही. तिने नेस्टाला उचलले व मास्तरांच्या होडीत नेऊन निजवले.

दवाखान्यातल्या नर्सने गळू फोडले, सुई दिली, आणि मग एथलला झापले.

"अजून एक दिवस थांबली असतीस, तर पाय कापावा लागला असता. इतके दिवस करत काय होतीस?"

एथल मुलीच्या उशाशी जाऊन बसली. दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी नेस्टाने तिला ओळखून हाक मारली.

वाचकहो, नोनीच्या झाडाने कोणालाही फसविलेले नाही. त्याचे पान जेवढे करू शकते तेवढेच करते, अधिकाचा दावा सांगत नाही. दावा सांगतो तो माणूस. ज्याचे औषध खरे आहे त्याला हात धुवायला सांगितल्याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या पुढ्यातून आपले लेकरू उचलावे, सरळ दवाखान्याची वाट धरावी, आणि गाव रुसले तर रुसू द्यावे.