पहाटे पाचची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी वैतागलेली आहे. मला फुंकणारा माणूस वाईट नव्हता. मीही वाईट नव्हते. तरी आम्ही दोघांनी मिळून एका घराचे तीन आठवडे नासवले.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. पोटात बुचाची एवढीशी गोळी घालून मला बोटीत चढवले आणि मी पलटणीत येऊन हवालदार लालासाहेबांच्या गळ्यात पडले. लढाईत मी इमानाने वाजले. मी वाजले की गडी ताडकन उभे राहत. साहेब लोक माझे कौतुक करत. ते ऐकून मला वाटू लागले, मी वाजल्यावर येणार नाही असा जीव जगात नाही.

सेहेचाळीस साली लालासाहेब महिनाभराच्या रजेवर तासगावाकडच्या आपल्या गावी आले. घरी त्यांची बायको चंद्राबाई आणि तीन मुले. जोतिबा आठ वर्षांचा, सिद्धू सहाचा आणि शाली तीन वर्षांची. शालीचा जन्म ते लढाईवर असताना झाला. तिने बापाचा फोटो तेवढा पाहिला होता. फोटोबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

मुले वाटेल तेव्हा उठतात आणि भूक लागली की भाकरी मागतात, हे पाहून हवालदार हादरले. त्यांनी कोळशाने भिंतीवर दिवस आखला. पाचला उठणे. सव्वापाचला परसाकडे. साडेपाचला अंघोळ. सातला न्याहरी. चार ते साडेचार खेळणे, रांगेत. आठला निजणे. प्रत्येक कामाला एक शिट्टी. मित्रांनो, लढाई पाहिलेली मी, आणि मला परसाकडच्या कामावर लावले. मी वाजायची, आणि दोन पोरे तांब्या घेऊन नुसतीच उकिडवी बसून राहायची, कारण पोटाला हुकूम समजत नाही.

पहिल्याच पहाटे मी वाजले तेव्हा आळीतले चार बाप्ये धोतर सावरत उसात पळाले. गाव भित्रे झाले आहे, असे हवालदारांचे मत पडले. चंद्राबाई म्हणाली, बाकी काही करा, शिट्टी तेवढी नको. लाडाने पोरे बिघडतात, असे तिला सुनावण्यात आले.

आणि शाली? मी वाजले की शाली नाहीशी. न्याहरीला नाही, अंघोळीला नाही. सरकारी धान्यवसुलीने, म्हणजे लेव्हीने, रिकामी केलेली कणगी होती, तिच्यामागे ती सापडे, स्वतःच्या तोंडावर हात दाबून. हवालदार तिला उचलून पाटावर बसवत, गुळाचा खडा पुढे करत. ती तो घेत नसे. मग पुढची शिट्टी आणखी जोरात. मी फुटायच्या बेताला आले होते.

"ही पोर मला बाप म्हनायच्या आत माझी रजा सरंल," हवालदार एकदा बायकोला म्हणाले, आणि लगेच घड्याळ बघून मला तोंडात धरले.

एकविसाव्या दिवशी खेळायची शिट्टी झाली आणि शाली कणगीमागेही नव्हती. विहीर पाहिली, ऊस पाहिला. दोन तासांनी ती गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांखाली सापडली. परकर ओला, डोळे मिटलेले, तोंडावर हात. हवालदार ओरडणार तेवढ्यात चंद्राबाई मध्ये उभी राहिली.

"आवं, बेचाळीसपासनं ह्या घरात शिट्टी वाजली म्हंजे पोलीस आलं. तुमी सरकारच्या पलटणीत, आन् तुमचा भाऊ सरकारच्या पकडायच्या यादीत. तुमची पत्रं साहेब वाचत्यात, मग लिवू कसं? आल्यावर शिट्टी नको म्हनले, तर तुमी ऐकून घेतलं न्हाई. शिट्टी झाली की भावजी मागच्या दारानं उसात, आन् हिला मी कणगीमागं घालायची. आवाज काडू नगंस, म्हनून मीच शिकवलंय. ही बोलायच्या आदी लपायला शिकली. तुमची पोर हुकूम मोडत न्हाई. पाळतीया."

हवालदार घरात गेले. मग त्यांनी मला गळ्यातून काढून खुंटीला अडकवले आणि भिंत पुसली.

दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरून मजा बघणार होते. मजा झाली नाही. म्हशीची धार निघाली तशी पोरे उठली. पाणी तापले तेव्हा न्हाली. भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा जेवली. ऊन अंगणातून सरकले तेव्हा खेळायला पळाली. दिवस आखलेलाच होता, फक्त भिंतीवर लिहिलेला नव्हता. माझ्यावाचून सगळे वेळेवर होत होते, आणि मित्रांनो, याचा मला फार राग आला.

हवालदारही त्या न लिहिलेल्या दिवसामागून चालू लागले. धारेच्या वेळी शालीपासून चार हातांवर बसायचे. दुसऱ्या दिवशी तीन हातांवर. हाक मारायची नाही.

रजेचे दोन दिवस उरले होते. दुपारची जेवणे झाली, चंद्राबाई खरकटे काढत होती. शाली आपली गोधडी ओढत सोप्यात आली, बापाशेजारी पसरली आणि नीट अर्धी जागा सोडून आडवी झाली.

"आबा, निजा आता," ती म्हणाली.

हवालदार निमूट निजले. दिवे लागेपर्यंत त्यांना कोणी उठवले नाही.

मित्रांनो, लहान मुलांना वेळेवर भाकरी द्या, वेळेवर झोप द्या, खेळायला मोकळे अंगण द्या. पण तुमचा आवाज त्यांच्या कानात कसला वाजतो, ते एकदा त्यांच्या आईला विचारा. बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. मी खुंटीवर छान आहे. कृपा करून मला कोणी पुसून-बिसून बघू नका.