चार हातांचं काम

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणाची तक्रार नको. वीस वर्षं लाँड्री चालवते आहे. दिवसभर वाफेत उभं राहून डोकं थंड कसं ठेवायचं, ते ज्याला जमत असेल त्यानं येऊन मला शिकवावं. तरी त्या दिवशी फोनवर मी अगदी शांतपणे बोलले होते. आमच्या इस्त्रीवाल्या काकांचं मत वेगळं आहे, पण त्यांना कोण विचारतंय.

फोन करायची वेळ आली ती माझ्या भाचीमुळे. वय सोळा. बहिणीला नोकरीसाठी वर्षभर लांब जावं लागलं, म्हणून भाची माझ्याकडे राहायला आली. नवं घर, नवी शाळा. सहा महिन्यांत तिच्या तोंडून एकाही मैत्रिणीचं नाव ऐकलं नाही. ‘कशी झाली शाळा?’ म्हटलं, की ‘बरी.’ ‘डबा खाल्लास?’ ‘हो.’ झालं, संपल्या गप्पा. फक्त संध्याकाळी आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालायला उभ्या राहिलो, की बाईसाहेबांना कंठ फुटायचा. मोठ्या चादरीची नीट घडी एकट्यानं होत नाही. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. ताणायचं, झटकायचं, जवळ यायचं, पुन्हा मागं सरायचं. नजर चादरीवर असते, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. मधल्या सुट्टीत ती एकटीच वाचनालयात जाऊन बसते, हे मला असंच एका डबलबेडच्या चादरीवर कळलं.

त्याच वाचनालयातून ती एक दिवस स्पर्धेचा कागद घेऊन आली. कुठल्याशा संस्थेनं विचारलं होतं, की तरुण मुलामुलींना बरं वाटावं म्हणून काय करता येईल, ते त्यांनीच सुचवा. वय चौदा ते एकवीस. चांगल्या कल्पनांना बक्षीस, आणि त्या तीन शाळांमध्ये करूनही बघणार. भाचीनं दोन पानं लिहिली आणि ‘चुका असतील तर बघ’ म्हणून माझ्यापुढे ठेवली. तिनं लिहिलं होतं: ‘नवीन आलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून ओळख करून द्यायला सांगू नका. त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी सोबतीनं चार हातांचं काम द्या. फळा पुसणं नको, ते दोन हातांचं आहे. टेबल उचलणं, पडदे काढणं, घड्या घालणं असं काहीतरी. हात कामात असले की बोलावं लागत नाही, आणि बोलावं लागत नसलं की बोलता येतं.’

माझे डोळे भरून आले. काकांना मी वाफेचं कारण सांगितलं.

आणि मग फॉर्मवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं: संघात किमान दोन जण हवेत. भाचीनं कागदाची घडी केली, दप्तरात घातली आणि म्हणाली, “राहू दे मावशी. तशी काही फार भारी कल्पना नाहीये.” ती हे अगदी सहज म्हणाली, तेच मला जास्त लागलं.

म्हणून मी फोन केला.

“ताई, ज्यांना कुणी नाही त्या पोरांसाठीच स्पर्धा आहे ना तुमची?”

“हो, एकटेपणा हा आमचा मुख्य विषय आहे.”

“मग एकट्या पोरीला भाग का घेता येत नाही?”

“मुद्दा बरोबर आहे हो तुमचा. पण दुसरं नाव टाकल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही.”

“माझं टाकते.”

“तुमचं वय?”

इथून पुढचं संभाषण सांगण्यासारखं नाही. फॉर्म भरायची मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत होती, आणि त्या दिवशी सोमवार होता.

मग मी माझी अक्कल चालवली. पलीकडच्या गल्लीतल्या मुलामुलींच्या हॉस्टेलच्या चादरी आमच्याकडे येतात. प्रत्येक खोलीचा गठ्ठा वेगळा. सतरा नंबरच्या खोलीतली एक ताडमाड उंच मुलगी, आम्ही तिला लांबू म्हणतो, कधीकधी स्वतःच गठ्ठा आणून टाकायची. एकदा ती भाचीशी दोन मिनिटं बोलली होती, आणि भाचीनं चक्क तीन वाक्यांत उत्तर दिलं होतं. आमच्या घरातला विक्रमच तो. तेव्हा बुधवारी मी सतराचा धुतलेला गठ्ठा शोधून वर ठेवला आणि त्याला टाचणीनं चिठ्ठी लावली: ‘स्पर्धेसाठी जोडीदार हवा. वय १४ ते २१. शनिवारी चार वाजता लाँड्रीत यावे. पोरगी गुणी आहे, पण कमी बोलते.’ भाचीला अर्थातच काही सांगितलं नाही.

आता आमच्या दुकानाचा एक नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. गिऱ्हाइकाच्या सगळ्यात वरच्या गठ्ठ्याला जी चिठ्ठी, तीच त्याच्या सगळ्या गठ्ठ्यांना लागली पाहिजे. डाग राहिला असेल, रंग जात असेल, तर प्रत्येकाला कळायला हवं. बिनचिठ्ठीचा गठ्ठा गेला म्हणून मी पूर्वी काकांना इतकं झापलंय, की तो नियम त्यांच्या हाडात मुरलाय. त्यांनी वरची चिठ्ठी पाहिली, चष्मा चढवला आणि सुवाच्य अक्षरात तिच्या एकोणचाळीस नकला करून एकोणचाळीस गठ्ठ्यांना टाचल्या.

शनिवारी चार वाजता दुकानाबाहेर पोरांची ही गर्दी! मी मोजली, बावीस डोकी. कुणी स्पर्धेसाठी आलं होतं, कुणी गंमत बघायला, आणि दोघांतिघांनी तर खाली मान घालून कबूल केलं, की आम्हीपण कमी बोलतो.

एका पोरानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. भाची कानापर्यंत लाल झाली.

“मावशी, तू माझी जाहिरात केलीस?”

“अगं, एकाच गठ्ठ्याला लावली होती मी...”

तिनं आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते. केलं ते तिच्यासाठी केलं, पण तिच्या अब्रूची लक्तरं मीच चौकात टांगली होती. जन्मात पहिल्यांदा मला स्वतःचाच राग आला, आणि तो काढायला माणूस सापडेना.

एवढी पोरं नुसती उभी बघून मला काही सुचेना. माझी एक सवयच आहे, रिकामे हात दिसले की काम द्यायचं. हॉटेलच्या दीडशे चादरी वाळून पडल्या होत्या. “रिकामे उभे राहू नका,” मी म्हटलं. “दोघादोघांनी एकेक चादर घ्या.”

त्यांनी घेतल्या. काय त्या घड्या! एकानं बोचकं बांधलं, दोघींनी वळकटी केली, आणि एक जोडी चादरीत गुरफटून खाली बसून हसत होती. तेवढ्यात धापा टाकत लांबू पोचली, तेविसावी. तिला जोडीदारच उरला नव्हता. हात लांब असल्यानं तिनं एकटीनंच चादर पसरायचा प्रयत्न केला आणि अर्धी चादर फरशीवर लोळवली.

आतलं दार उघडलं. भाची फटीतून बघत असणार, आणि धुतलेली चादर फरशीला लागलेली आमच्या घरात कुणाला सहन होत नाही.

“अगं, असं नाही! आधी किनार जुळव. दे इकडे.”

तिनं दोन टोकं उचलली. ताणली, झटकली. लांबू काहीतरी म्हणाली, भाची काहीतरी म्हणाली. तिसऱ्या चादरीला मला भाचीचं हसणं ऐकू आलं. सहा महिन्यांत मी ते विसरूनच गेले होते. साडेसहाला दुकान बंद करायचं म्हणून मी सगळ्यांना अक्षरशः हाकलून काढलं. दीडशेपैकी जवळजवळ शंभर घड्या काकांना पुन्हा घालाव्या लागल्या.

निकालाचं आत्ताच सांगून टाकते. दुसरा नंबर आला. पहिल्या नंबराबद्दल माझं एक मत आहे, पण भाचीनं ते चारचौघांत बोलायला मला मनाई केली आहे.

मला सांगायचं आहे ते रविवारी सकाळचं. भाची आणि लांबू इस्त्रीच्या टेबलावर फॉर्म भरत बसल्या होत्या. जोडीदाराच्या रकान्यात लांबूचं नाव पडलं होतं. शेवटचा प्रश्न होता: ‘तुमची कल्पना करून पाहिली असल्यास, किती जणांना उपयोग झाला?’ भाचीनं ‘चोवीस’ लिहिलं.

“तेवीस गं,” मी म्हटलं. “मी डोकी मोजली होती.”

“आलेले तेवीस,” कागदावरची नजर न हलवता ती म्हणाली. “उपयोग झाला चोवीस जणांना.”