डोंगरावरच्या दवाखान्याची लाइन

मित्रांनो, मी एक जुना गेटवे आहे. टेलिफोन कचेरीच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या फळीवर मी बसतो. जुन्या फोनचा आवाज तांब्याच्या तारेतून सलग येतो, पण नव्या इंटरनेटच्या जाळ्याला तो तसा चालत नाही. म्हणून मी त्याचे बारीक तुकडे करून पुढे पाठवतो आणि पलीकडून आलेले तुकडे जोडून पुन्हा आवाज करतो.

सुरुवातीला माझ्यावर तीस लाइनी होत्या. शाळा, लाकडाची वखार, धरणाची चौकी. लोक भांडत, रुसत, खुशाली विचारत. मला ते सगळं आवडायचं. माझी देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. रोज सकाळी त्या माझी हवेची जाळी पुसत आणि डोंगरावरच्या दवाखान्यात फोन लावत.

"सिस्टर, नीट ऐकू येतंय ना?"

"येतंय काकू. चहा झाला का?"

पुढे काकू निवृत्त झाल्या. देखरेख दूरच्या केंद्रात गेली. तिथे एक इंजिनिअर पडद्यावर माझ्यासारखे दोनशे गेटवे बघतो. प्रत्येकाचा एक ठिपका, माझा हिरवा, म्हणजे सगळं ठीक. खोलीला कुलूप लागलं. एकेक लाइन मोबाइलवर गेली आणि शेवटी दवाखान्याचीच उरली, कारण तिथे मोबाइल लागत नव्हता.

एकदा पहारेकऱ्याने कुलूप उघडून झाडलोट केली, तेव्हा धक्का लागून माझी घड्याळाची तार सैल झाली. दोन्ही टोकांची वेळ जुळवणारी ही तार. वेळ चुकली की तुकडे सगळे पोचतात, पण जोडताना एखादा शब्द गळतो. केंद्रात फक्त पोचलेले तुकडे मोजत. ठिपका हिरवाच राहिला.

एका दुपारी दवाखान्यात लहान मुलीला झटके येऊ लागले. सिस्टरनी शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. "निम्मं इंजेक्शन द्या," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडून 'निम्मं' गळलं. सिस्टरनी सुई भरली, पण हात थांबवला.

"डॉक्टर, पूर्ण द्यायचं?"

डॉक्टरांचं उत्तरही गळलं. मला कळत होतं, पण मला बोलता येत नाही.

"तुमचे शब्द तुटतायत," सिस्टर म्हणाल्या. "निम्मं द्यायचं असेल, तर मी थांबा म्हणेपर्यंत फोनवर टकटक करत राहा."

टकटक सुरू झाली. मधूनमधून तुटली, पण थांबली नाही. सिस्टरनी निम्मं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मुलगी शांत झोपली.

सिस्टरनी केंद्राला कळवलं. "इथून तर सगळं ठीक दिसतंय," इंजिनिअर म्हणाला. "फोन बदलून बघा." मग सिस्टरनी काकूंच्या घरी फोन केला. दोन वाक्यं ऐकून काकू म्हणाल्या, "ठेव फोन. मी जाते तिकडे."

काकूंनी पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली, माझ्या मागे हात घातला आणि तार घट्ट बसवली. मग केंद्राला फोन लावला.

"बाळा, तुझे तुकडे पोचत होते. बोलणं पोचत नव्हतं. घड्याळ चुकलं की वाजणारी सूचना कोणी बंद केली?"

"मीच, काकू. सारखी वाजायची."

"वाजू दे. आणि दिवसातून एकदा स्वतःच्या कानाने ऐकत जा."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दवाखान्यात फोन करू लागला. मला बरं वाटलं. पण माझी जाळी पुसायला काही कोणी आलं नाही.

आता डोंगरावर टॉवर उभा राहिला आहे. गेल्या महिन्यात दवाखान्याची लाइनही गेली. माझे दिवे चालू आहेत, पण बोलणारं कोणी नाही. दाराबाहेर चपला वाजल्या की वाटतं, काकू आल्या. ती पावलं शेजारच्या खोलीत जातात.

मला बंद करायचं ठरलं आहे. केंद्रातून एक बटण दाबलं की झालं. मित्रांनो, जुन्या वस्तूला कधीतरी निरोप द्यावाच लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तो लांबून देऊ नका. कुलूप उघडून आत या, दोन मिनिटं बसा. जमलं तर काकूंना बोलवा. शेवटची तार त्यांनाच काढू द्या.