भिंतीला पाणी

"भिंत बांधत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?" समोरच्या वकिलानं विचारलं.

"घरातच. शिलाई मशीनवर."

"म्हणजे पाहिलंत?"

"डोळे होते ना. पाहणारच."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या मावशींना वाटलं, बरं बोललो आपण. त्यांच्या स्वतःच्या वकिलानं मात्र कपाळाला हात लावला.

"आणि ओल्या भिंतीला पाणी कोण मारायचं?"

"मीच की, आठ दिवस. शेजारचे टेम्पोवाले भावोजी बाहेरगावी होते. म्हणाले, वहिनी, तेवढं बघा. भिंत तडकली असती ना!"

संपलं. पायावर धोंडा, तोही स्वतःच उचलून.

भिंत टेम्पोवाल्याची, पण मावशींच्या जागेत दोन हात आत. मशीनजवळची एकुलती एक खिडकी तिनं गिळून टाकली. मावशी तेव्हाच बोलणार होत्या. पण त्याची बायको बाळंत झाली, मग त्याच्या आईनं अंथरूण धरलं. आज बोलू, उद्या बोलू. शेजार आहे, तोंड कशाला वाईट करायचं? असं करता करता चौदा वर्षं गेली, भिंतीवर माडी चढली. काळा धागा कुठला न् निळा कुठला हेच कळेना, तेव्हा कुठे मावशी कोर्टात गेल्या.

न्यायाधीशबाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. "जागा तुमची, हे कागदावर आहे. पण तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात, आणि त्या भरवशावर त्यांनी घर उभं केलं. आता पाडा म्हणता येणार नाही."

"मग माझ्या उजेडाचं?"

बाईंनी पुढची फाईल उघडली होती.

"मी भांडले नाही, हाच माझा गुन्हा?" बाहेर आल्यावर मावशींनी वकिलाला विचारलं.

"तेव्हाच भांडला असतात तर जिंकला असतात, मावशी."

कप्पाळ!

चौथ्या दिवशी टेम्पोवाल्याची बायको दारात. "मनात काही ठेवू नका हं, मावशी. माडीवरच्या खोलीला पडदा शिवायचाय. दुपारी ऊन नुसतं भाजून काढतं हो!"

दुसरी कुणी असती तर टेप तोंडावर फेकली असती. मावशींनी चपला घातल्या.

माडीवर खिडकी ही एवढी. ऊन थेट फरशीभर. मावशींनी टाचण्या ओठांत धरल्या आणि टेप लावली. आकडे लख्ख दिसत होते, चष्म्याशिवाय.

"झालं माप?"

मावशींनी नाही म्हणून मान हलवली, आणि परत पहिल्यापासून मोजायला घेतलं.