आत्या म्हणाली

"तू आलीच नाहीस गं! सगळे तुझीच चौकशी करत होते."

"कुठं?" संयोगितानं विचारलं. संख्याशास्त्राची वही तिनं मध्ये बोट घालून मिटली. विद्यापीठाच्या वाचनालयाबाहेर, झाडाखालच्या कट्ट्यावर ती उद्याच्या पेपरची तयारी करत बसली होती. फोन बार्शीहून होता, शाळेतल्या मैत्रिणीचा, यशश्रीचा.

यशश्री चाचरत म्हणाली, "संयू... तुला कुणी सांगितलं नाही का?"

पुढचं बोलणं संयोगिताच्या कानांवर पडत राहिलं. आत्या डेपोतून घरी आली होती. छातीत कळ येतेय म्हणाली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परवाची गोष्ट. अख्खा डेपो लोटला होता म्हणे, खाकी कपड्यांतच आले होते सगळे.

"मला वाटलं, तुला रिझर्व्हेशन मिळालं नसेल," यशश्री रडायला लागली. "माझं चुकलं गं. काकूंना सांगू नको मी बोलले म्हणून."

संयोगितानं 'बरं' म्हणून फोन ठेवला. समोरून वर्गातल्या मुली हसत कॅन्टीनकडे निघाल्या होत्या. एकीनं हात हलवला. तिनंही हलवला.

अहल्या आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत ती माहेरी परतली होती, का ते घरात कधी कुणी उकरलं नाही. पुढं ती एस.टी.त कंडक्टर म्हणून लागली. संयोगिता तिच्याच कुशीत झोपून मोठी झाली. बारावीनंतर पप्पा तिला सोलापूरच्या पुढं पाठवायला तयार नव्हते, तेव्हा आत्याच मध्ये पडली होती. "मी जन्मभर सकाळी गेले तशी संध्याकाळी त्याच गाडीनं परत आले, रत्नाकर. हिला जरा लांबचं तिकीट काढू दे की."

बंगळुरूला सोडायलाही तीच आली होती. चामराजपेटमध्ये सकवारअक्का नावाच्या घरमालकिणीकडे राहायची सोय लावून, खोलीच्या खिडक्यांच्या कड्या दोनदोनदा तपासून ती परत गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी बसथांब्यापासून घरापर्यंत चालताना संयोगिता तिला फोन करायची. आत्याचा प्रश्न ठरलेला. "आज कुणाशी बोललीस? नाव सांग."

हाच प्रश्न अवघड होता. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं आणि वर्गाबाहेर कन्नड, तमिळ, मल्याळममध्ये. प्राध्यापकांनी काही विचारलं की संयोगिताला उत्तर आधी मराठीत सुचायचं, ते इंग्रजीत जुळवेपर्यंत दुसरंच कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. कितीतरी दिवस ती कुणाशीच बोललेली नसायची. मग हजेरीत ऐकलेलं एखादं नाव ती आत्याला सांगून टाकायची. आत्या खूश व्हायची. "बोलव की तिला दिवाळीत घरी," म्हणायची.

काल आत्याचा फोन लागला नव्हता. परवाही नाही. मम्मी म्हणाली होती, "दुरुस्तीला दिलाय. पडला हातातनं."

संयोगितानं घरचा नंबर लावला.

"जेवलीस का?" मम्मीनं पहिल्यांदा हेच विचारलं. आवाज नेहमीचा, पण नाक चोंदलेलं. "सर्दी झालीय गं मला. उद्या पेपर ना? जास्त बोलत नाही."

"आत्या कुठंय?"

"आत्या?" मम्मी जराशीच थांबली. "ड्यूटीवर. लातूरची गाडी मिळालीय तिला हल्ली, उशीर होतो यायला."

मागं कुणी बाई हुंदका देत होती. मम्मीनं फोनवर हात धरला असावा, आवाज दबला. संयोगिताच्या जिभेवर सगळं आलं होतं. ओरडावं, विचारावं की मला शेवटचं तोंडसुद्धा का बघू दिलं नाही तुम्ही? माझ्या पेपरांपेक्षा माझी आत्या लहान होती का? तेवढ्यात पप्पांनी फोन घेतला.

"संयू, बाळा." ते खाकरले. "आत्या म्हणाली... आत्या सकाळी म्हणाली, पोरीला सांग, पेपर नीट लिही. घाबरायचं न्हाई म्हणाली."

पप्पांना खोटं बोलता यायचं नाही. दारावर आलेल्या विक्रेत्यालाही 'घरात कुणी नाही' असं त्यांना कधी सांगता आलं नव्हतं. त्या एका वाक्यात त्यांचा श्वास दोन ठिकाणी तुटला. आपण आता तोंड उघडलं, तर हा माणूस तिथंच कोसळेल, असं तिला वाटलं.

"आत्याला म्हणावं, लिहिते," ती म्हणाली.

बसमध्ये चढली तेव्हा तिला पुढचं नीट दिसत नव्हतं. कंडक्टर बाई होती. तिनं आधार कार्ड मागितलं, पत्ता वाचला आणि मान हलवली. "महाराष्ट्रा? टिकेट तगोळि." इथल्या बायकांना बस फुकट होती, बाहेरच्यांना तिकीट पडायचं. रोज हे ऐकताना संयोगिता कानकोंडी व्हायची. आज त्या बाईच्या खांद्यावरचा बॅगेचा पट्टा, पाय फाकवून तोल सांभाळत उभं राहायची ती पद्धत, बोटांत दुमडून धरलेल्या नोटा दिसल्या आणि तिला भरल्या गाडीत हमसून रडू फुटलं.

"याकम्मा, अळ्तीया?" का रडतेस, असं बाईनं विचारलं. बायकांच्या जागेवर बसलेल्या एका बाप्याला बाईनं चढ्या आवाजात उठवलं, तिला खांद्याला धरून तिथं बसवलं आणि "टिकेट, टिकेट" करत ती पुढं सरकली. आत्यानंही अगदी असंच केलं असतं.

सकवारअक्कांनी तिचा चेहरा दारातच ओळखला. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा संयोगिताला हसू आवरलं नव्हतं. पण या शहरात फोनखेरीज मराठी ऐकू यायची ती फक्त त्यांच्याच तोंडून.

"काय झालं गं पोरी? तोंड असं का पडलंय?"

तिनं सांगितलं. अक्कांनी तिला आधी डोक्यावरून आंघोळ करायला लावली, मग समोर भात ठेवला. "स्वल्प तरी खा." ती खात नाही म्हटल्यावर त्यांचा पारा चढला. "हे काय रीत झाली? थोर पोरीपासून मरण झाकतेत? तुझ्या बापाचा नंबर दे. मी विचारते त्याला."

"नको, अक्का."

"का नको? तुझा हक होता की नाही?"

"होता." संयोगितानं ताट सरकवलं. "माझ्यासाठी त्यांना रोज नाटक करावं लागतंय. आता मला कळलंय असं सांगितलं तर ते सगळं फुकट गेलं असं वाटेल त्यांना. पेपर संपू देत."

"आणि तू?"

तिनं पेपरची वही पुढं ओढली. "सरी, बरं," म्हणत अक्कांनी ताकाचं भांडं पुढं केलं.

संख्याशास्त्राचा पेपर तिनं जवळजवळ कोराच दिला. प्रश्न वाचायची, अर्थ लागायचा, हात चालायचा नाही. त्यात ती नापास होणार हे तिला बाहेर पडतानाच कळलं होतं. पुढचे पेपर मात्र तिनं दात आवळून लिहिले. संध्याकाळी घरी फोन करायची. मम्मी आत्याची ख्यालीखुशाली सांगायची. कधी ती झोपलेली असायची, कधी देवळात गेलेली. संयोगिता 'हं' म्हणत ऐकायची. हळूहळू तिच्या लक्षात आलं की मम्मी न विचारताच सांगतेय. कदाचित आत्या अजून देवळात जाते, लातूरच्या गाडीवर जाते, असं कुणाला तरी रोज सांगणं मम्मीलाही बरं वाटत असेल.

पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा दारात उभे राहिले. न कळवता, हातात एक पिशवी. डिसेंबरची थंडी होती, पण त्यांनी कपाळापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी पाहून तिला सगळं समजलं. आत्याला ना नवरा जवळ होता, ना मूलबाळ. अग्नी देण्यापासून केस उतरवण्यापर्यंत सगळं पप्पांनीच केलं असणार.

"गार आहे इथं," ती बघतेय असं पाहून पप्पा म्हणाले.

अक्कांनी आंघोळीचं पाणी काढलं. पप्पा "नंतर, नंतर" म्हणत राहिले. कॉफी पिताना त्यांनी गाडीला झालेल्या गर्दीबद्दल सांगितलं, शेजारच्या घराला दिलेल्या रंगाबद्दल सांगितलं, मम्मीच्या सर्दीबद्दल सांगितलं. मग अक्का उठून आत गेल्या.

"वर गच्ची आहे, पप्पा. चला, ऊन आलंय."

गच्चीवर शेजारच्यांचे कपडे वाळत होते. दोघं कठड्याशी खाली बसले. खाली भाजीवाला ओरडत गेला.

"संयू, तुझी आत्या..."

"टोपी काढा, पप्पा," ती हळूच म्हणाली. "ऊन आहे."

पप्पांचा हात टोपीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"कधी कळलं?"

"पेपर चालू असताना."

"म्हणजे मी फोनवर ते..."

"मी ऐकलं सगळं."

"मनानंच सांगितलं गं मी. ती काही म्हणाली न्हाई. बोलायला सवडच मिळाली न्हाई तिला."

"तुम्ही म्हणालात तसंच म्हणाली असती." ती म्हणाली. "पण मला यायचं होतं, पप्पा. तुम्ही मला बोलवायला पाहिजे होतं."

"व्हय," पप्पा म्हणाले. "चुकलंच आमचं."

"आणि एका विषयात मी नापास होणार आहे."

"असू दे."

त्यांनी टोपी काढली. डोक्यावर नुकतेच बारीक खुंट फुटले होते, सगळे पांढरे. पप्पा इतके पिकलेत हे तिला आजवर कधी दिसलंच नव्हतं. ऊन त्यांच्या उघड्या टाळूवर पडलं. ते गुडघ्यांत मान घालून रडायला लागले, आवाज न करता. संयोगिता उठली आणि त्यांच्या पलीकडे, उन्हाच्या बाजूला जाऊन बसली, म्हणजे त्यांच्या डोक्यावर तिची सावली पडेल.