आधी ब्रेक दाबायचा

नवे ब्रेक पॅड बसवले की गाडी हलवण्याआधी चार-पाच वेळा ब्रेक दाबून घ्यावा लागतो. नाहीतर पहिल्यांदा पाय नुसताच खाली जातो आणि गाडी काही थांबत नाही.

बारा वर्षांपूर्वी मामाने त्याच्या गॅरेजात एका गाडीचे पॅड बसवले आणि ब्रेक न दाबताच मला ती बाहेर काढायला सांगितलं. मी भिंतीवर आदळलो.

"चालवणाऱ्याने आधी ब्रेक दाबायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं!" गिऱ्हाइकांसमोर एवढं ओरडून त्याने मला हाकललं. ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

आज तोच मामा माझ्या गॅरेजात आला. गाडीचा ब्रेक करकरत होता. चाक काढून बघतो तर पॅड पार झिजलेले, लोखंड डिस्कवर घासत होतं. मी डिस्क आणि पॅड दोन्ही बदलले. मामा मागे उभा राहून अक्कल पाजळत होता. मी जॅक उतरवला तोच त्याने किल्ली उचलली.

"सर बाजूला, मीच काढतो."

मी तोंड उघडलं. समोर जुन्या टायरांची रास होती, माणूस कोणी नव्हता. मी तोंड मिटलं.

गाडी थेट राशीत घुसली. गिऱ्हाइकं धावत आली. मामा लालबुंद होऊन उतरला.

"गाढवा, पॅड तू बसवलेस! ज्याने बसवले त्यानेच ब्रेक दाबून द्यायचा असतो!"

"हेच ऐकायला बारा वर्षं थांबलो होतो, मामा," मी म्हणालो. "आता पुन्हा बोल. जरा मोठ्याने."