बोरीवरचे वेडे राघू

सकाळी ७.१०. ज्ञानगंगा अभयारण्य, पलढग तलावाच्या अलीकडचा उतार. थंडी: बोटं पेन धरत नाहीत इतकी.
निरीक्षक: प्रेमानंद, महामाया.

आणि अर्पिता.

गणनेच्या पत्रकावर निरीक्षकांसाठी दोनच रेघा असतात. तिसरं नाव समासात लिहावं लागलं. मीच लिहिलं, बारीक अक्षरात.

महामाया म्हणजे मी. प्रेमानंद माझा नवरा. आम्ही दोघं जानेफळला शिकवतो आणि सहा हिवाळे या पक्षीगणनेला येतो. अर्पिता चिखलीच्या एका औषधाच्या दुकानात असते, यंदाच आली, आणि माझी दुर्बीण तिच्या गळ्यात आहे. "तुह्या डोळ्याले काय लागते दुर्बीण," प्रेमानंद मला म्हणाला. हे कौतुक होतं. कौतुक मी घेतलं, दुर्बीण तिनं.

७.२५. पक्षी: टोई पोपट, नरांची डोकी जांभळी. खाद्य: बोरं. एका पायानं फांदी, दुसऱ्या पायात बोर. दोन चावे, बोर खाली. लगेच दुसरं. झाडाखाली अर्धवट बोरांचा सडा.
संख्या: चाळीस. नाही, थांबा.
प्रेमानंद तिच्या मागे उभा आहे. डोळे तिचे, दुर्बिणीचं चाक फिरवणारं बोट त्याचं.
संख्या: पुन्हा पहिल्यापासून.

७.४०. सोबतच्या वनमजुराला, इंद्रभानला, अर्पिता विचारते, "दादा, याईले तुमी काय म्हणता?"

"राघू. दुसरं काय म्हणाव बाई?"

"किती बोरं वाया घालवून राह्यले."

"त्याईले काय, बोरी काय त्याईच्या बापानं लावली?"

प्रेमानंद हसला. बोट चाकावरच.

८.०५. वरची नावं मी लिहिली, बाकीचं पत्रक यंदा तिनं भरायचं, हेही त्यानंच ठरवलेलं. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. यादीत पक्ष्यांची नावं छापलेली असतात, पुढे आकडा टाकायचा. आमच्याकडे पोपट म्हणजे राघू, पण छापील यादीत नुसता राघू नाही. कीर आहे, टोई आहे. शोधत शोधत ती खाली गेली आणि तिला सापडला: वेडा राघू. पुढे लिहिलं, बासष्ट. खाद्य, बोरं.

वेडा राघू पोपट नव्हेच. तारेवर बसून माश्या टिपणारा एवढासा हिरवा पक्षी. बोराला तो चोच लावत नाही.

"वेडेच आहेत," ती मला म्हणाली. "चांगलं बोर फेकून देऊन राह्यले. नाव बरोबर ठेवलं ना, ताई?"

न दिलेलं उत्तर: खोड ते.
हेही न दिलेलं: थांब, मी सांगते.
दिलेलं: "हो."

कारण दुपारी विश्रामगृहापुढे सगळी पत्रकं मोठ्यानं वाचतात. तिथं हसू झालेलं माणूस पुढच्या वर्षी सहसा येत नाही. मला ती पुढच्या वर्षी नको होती. आणि प्रेमानंद तिला हसताना मला बघायचा होता.

१.३०. वनपालसाहेब वाचतात, "वेडा राघू, बासष्ट. बोरं खाताना."

चाळीस माणसं, हातात ताटं. हशा. वाढणाऱ्या झुंबरबाई म्हणाल्या, "बोरं खाल्ली म्हंजे खराच वेडा झाला असन थो."

प्रेमानंद हसला नाही. ताट खाली ठेवून उठला.

"चूक माझी. मीच लिहिलं ते."

माझ्या पहिल्या गणनेत मी भोरड्यांना साळुंक्या लिहिलं होतं. ते यानंच उभं राहून सगळ्यांना सांगितलं. अजून पाहुण्यांना सांगतो.

"अक्षर तर तुमचं नाही," मी म्हणाले. मनात म्हणायचं होतं.

हसणं थांबलं. अर्पितानं त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, मी तुम्हाले दाखवलं होतं."

"हो."

"तुमी बरोबर आहे म्हणाल्या."

प्रेमानंद माझ्याकडे वळला. वर्गात पोरांना कारण विचारतो तसा, शांतपणे.

"काऊन?"

उत्तर सोपं होतं. चाळीस माणसांसमोर देण्यासारखं नव्हतं. त्याची मान खाली गेली, तेव्हा मला कळलं की ते त्याला न सांगता मिळालंय. तिलाही मिळालं असावं. ती ताट घेऊन उठली आणि पलीकडे बायांच्या पंगतीत जाऊन बसली.

तो तिच्यामागे गेला नाही. माझ्या शेजारीही बसला नाही.